फुटतो तो पक्ष, पडतं ते सरकार

असोदा हे जळगाव शहराला खेटून असलेलं गाव. बहिणाबाई चौधरींचं माहेर आणि भरिताच्या वांग्यांसाठी खानदेशभर नावाजलेलं. विधानसभेला ते जळगाव ग्रामीण मतदारसंघात येतं. ऑक्टोबर 2019 मध्ये या मतदारसंघाने शिवसेनेचे गुलाबराव पाटील निवडून दिले. तेव्हा सेना आणि भाजप यांची युती होती, म्हणजे धनुष्यबाणाला दिलेलं मत युतीच्या सरकारसाठी होतं. महिनाभरात युती मोडली आणि गुलाबराव काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबरच्या महाविकास आघाडी सरकारात पाणीपुरवठा मंत्री झाले. जून 2022 मध्ये ते एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले आणि भाजपसोबतच्या सरकारात पुन्हा पाणीपुरवठा मंत्री झाले. जुलै 2023 मध्ये अजित पवारांचा गट त्याच सरकारात येऊन बसला. असोद्याच्या मतदाराने एकदाच बटण दाबलं, पण त्या एका मतावर वेगवेगळ्या जुळणीची तीन सरकारं उभी राहिली. मंत्री तेच राहिले, खातंही तेच राहिलं.

ही एका मतदारसंघाची किंवा एका नेत्याची गोष्ट नाही, आणि कुणा एकाला दोष देण्यासाठी ती इथे सांगितलेली नाही. महाराष्ट्रात 1985 नंतर एकाही पक्षाला स्वबळावर बहुमत मिळालेलं नाही. त्या वर्षी काँग्रेसला 161 जागा मिळाल्या होत्या. 1990 मध्ये ती 141 वर थांबली, 145 च्या आकड्याला चार कमी. त्यानंतरच्या प्रत्येक सरकारला कुणाचा ना कुणाचा हात धरावा लागला. तरीही आपण आघाडीकडे अपवाद म्हणून बघतो, ‘खिचडी सरकार’ म्हणून तिला नाक मुरडतो, आणि सरकार पडलं की मित्रपक्षांच्या नावाने बोटं मोडतो.

गेल्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडला तर वेगळंच दिसतं. महाराष्ट्रात मित्रपक्ष रुसला म्हणून सरकार पडल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. सरकार पडलं ते बहुतेक वेळा आघाडीतला एखादा पक्ष आतून फुटला म्हणून. या इतिहासाच्या जवळजवळ प्रत्येक वळणावर खानदेशातलं कुणीतरी उभं आहे, म्हणून तो इथूनच सांगायला हवा.

फैजपूर, कूपर आणि समिती

डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू होते. धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली होती. 1935 च्या कायद्याखाली प्रांतिक निवडणुका तोंडावर होत्या आणि निवडून आलो तर मंत्रिपदं घ्यायची की नाही, हा काँग्रेसपुढचा मोठा वाद होता. फैजपूरने तो निवडणुकीनंतरवर ढकलला.

त्याचा परिणाम मुंबई प्रांतात लगेच दिसला. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली, पण गव्हर्नरांकडून हमी मिळेपर्यंत मंत्रिमंडळ बनवायला तयार होईना. तेव्हा साताऱ्याचे सर धनजीशा कूपर यांनी छोटे गट जमवून सरकार बनवलं. त्यात जमनादास मेहतांसारखे नेतेही होते. एप्रिल ते जुलै, जेमतेम साडेतीन महिने ते टिकलं. काँग्रेसने होकार दिला आणि बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत. ज्याच्यामागे सभागृह नाही असं जोडकाम टिकत नाही, हा पहिला धडा मराठी मुलखाला तेव्हाच मिळाला होता.

दुसरा धडा संयुक्त महाराष्ट्र समितीने दिला. 1956 मध्ये स्थापन झालेल्या समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एकमेकांशी न पटणारे पक्ष एका मागणीसाठी एकत्र आले. पुढे जनसंघही आला. 1957 मध्ये धुळ्यातून जनसंघाचे उत्तमराव पाटील लोकसभेवर गेले. त्या लोकसभेत जनसंघाचे देशभरातून चारच खासदार होते. बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी त्यातले एक, धुळ्याचे उत्तमराव दुसरे. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि समितीचं प्रयोजन संपलं. मागणी एक होती तोवर समिती एक होती. त्यापलीकडचा कार्यक्रम नव्हता, म्हणून ती विरली. तरीही तिने मराठी मतदाराला एक गोष्ट शिकवली: झेंडे वेगळे असले तरी मत एका ठिकाणी टाकता येतं.

दोन काँग्रेसचं एक सरकार

1967 मध्ये उत्तरेतल्या राज्यांत संयुक्त विधायक दलाची सरकारं आली आणि कोसळली. महाराष्ट्र हलला नाही. त्या वर्षी 270 पैकी 203 जागा काँग्रेसच्या होत्या आणि 1972 मध्ये 222. इथला विरोधी पक्ष दुबळा होता असं याचं कारण दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. साखर कारखाने, जिल्हा बँका, 1962 पासूनच्या जिल्हा परिषदा यांच्यामुळे इथली सत्तेची सगळी भांडणं काँग्रेसच्या घरातच होत. विरोधक बाहेर नव्हता, आतच होता. त्यामुळे आघाडीचं राजकारण सुरू झालं तेही काँग्रेस फुटल्यावरच.

जानेवारी 1978 मध्ये काँग्रेस दुभंगली. एक इंदिरा गांधींची, दुसरी ब्रह्मानंद रेड्डींची. लगेच विधानसभा निवडणूक आली. जनता पक्षाला 99, रेड्डी काँग्रेसला 69, इंदिरा काँग्रेसला 62 जागा मिळाल्या. एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन काँग्रेस मार्चमध्ये एकत्र आल्या. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री. महाराष्ट्रातलं पहिलं आघाडी सरकार हे असं एकाच पक्षाच्या दोन तुकड्यांचं होतं.

ते जुलैमध्ये पडलं. दादा आणि तिरपुडे यांच्यात कुरबुरी होत्याच, पण सरकार पाडलं ते मित्रपक्षाने नव्हे. अधिवेशन चालू असताना दादांच्याच काँग्रेसमधून शरद पवार आपल्या आमदारांसह बाहेर पडले. सुंदरराव सोळंके, सुशीलकुमार शिंदे, दत्ता मेघे त्यांच्यासोबत होते. 18 जुलै 1978 ला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पवार मुख्यमंत्री झाले. पुढे चव्वेचाळीस वर्षांनी जे घडलं त्याचा आराखडा त्या आठवड्यात तयार झाला होता.

पुलोद: समोरासमोर खानदेश

पवारांची समांतर काँग्रेस, जनता पक्ष आणि शेकाप यांचं पुरोगामी लोकशाही दल, म्हणजे पुलोद. जनता पक्षात जुना जनसंघही होता आणि समाजवादीही. त्यामुळे एकाच मंत्रिमंडळात शेकापचे एन. डी. पाटील आणि गणपतराव देशमुख, मालेगावचे समाजवादी निहाल अहमद आणि जनसंघाच्या मुशीतले हशू अडवाणी बसले. महसूल खातं उत्तमराव पाटलांकडे होतं, तेच, 1957 मध्ये धुळ्यातून लोकसभेवर गेलेले. 1980 मध्ये ते भाजपचे पहिले प्रदेशाध्यक्ष झाले.

समोरच्या बाकावरही खानदेशच होता. इंदिरा गांधींसोबत राहिलेल्या प्रतिभाताई पाटील पुलोदच्या शेवटच्या काळात विधानसभेतल्या विरोधी पक्षनेत्या झाल्या. त्या 1962 मध्ये जळगावातून आणि नंतर सलग एदलाबादमधून निवडून येत होत्या. महसूलमंत्री खानदेशचा आणि विरोधी पक्षनेत्याही खानदेशच्या! मुख्यमंत्रिपद आजवर या भागाच्या वाट्याला आलेलं नाही, पण सत्तेची जुळवाजुळव असते तिथे खानदेशी माणूस असतोच.

पुलोदची आठवण आज फक्त पवारांच्या बंडाशी जोडली जाते. त्या सरकारच्या काळात 26 जानेवारी 1979 ला महाराष्ट्र रोजगार हमी कायदा अमलात आला. वि. स. पागे यांनी 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे घडवलेल्या योजनेला कायद्याचं बळ मिळालं आणि मागेल त्याला काम हा ग्रामीण महाराष्ट्राचा हक्क झाला. देशाने तसा कायदा 2005 मध्ये केला. सत्तेवर येऊन दहा दिवसही झाले नसताना, 27 जुलै 1978 ला, दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळली, माणसं मारली गेली, आणि ठरावाची अंमलबजावणी थांबली ती 14 जानेवारी 1994 पर्यंत. आघाडी सरकार धाडसी निर्णय घेऊ शकतं हे पुलोदने दाखवलं. निर्णयासाठी गावपातळीवर कुणी उभं राहिलं नाही तर त्याची किंमत सर्वांत दुबळ्यांना मोजावी लागते, हेही त्याच वेळी दिसलं.

पुलोद मित्रपक्षांच्या भांडणाने पडलं नाही. इंदिरा गांधी दिल्लीत परतल्या आणि 17 फेब्रुवारी 1980 ला सरकार बरखास्त झालं. राज्यपालांच्या अहवालावर सरकार घालवण्याच्या या प्रथेला लगाम बसला तो 1994 च्या बोम्मई निकालाने. बहुमत राजभवनात नाही, सभागृहात मोजायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात बजावलं.

युती, अपक्ष आणि पाटबंधाऱ्याची महामंडळं

1989 मध्ये शिवसेना आणि भाजप एकत्र आले. डिसेंबर 1991 मध्ये छगन भुजबळ आमदारांचा गट घेऊन सेनेबाहेर पडले, विरोधी पक्षनेतेपद भाजपच्या गोपीनाथ मुंडेंकडे गेलं, तरी युती टिकली. 1995 मध्ये सेनेला 73, भाजपला 65 जागा मिळाल्या. बेरीज 138, बहुमताला सात कमी. काँग्रेस 80 वर आली होती. त्या सभागृहात 45 अपक्ष होते आणि त्यातले बरेच उमेदवारी नाकारलेले काँग्रेसवाले. म्हणजे इथेही सरकार उभं राहिलं ते काँग्रेसच्या अंतर्गत फुटीवर. मनोहर जोशी मुख्यमंत्री, मुंडे उपमुख्यमंत्री, आणि हर्षवर्धन पाटील, अनिल देशमुख यांच्यासारखे अपक्ष राज्यमंत्री. पुढे हेच दोघे काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या वतीने मंत्री झाले.

या अपक्षांनी आणि छोट्या गटांनी पाठिंब्याची किंमत मागितली ती मुख्यतः पाण्याच्या रूपात. बच्छावत लवादाने कृष्णेचं पाणी अडवायला 31 मे 2000 ची मुदत दिली होती. म्हणून 1996 मध्ये कृष्णा खोरे महामंडळ झालं आणि कर्जरोखे काढून पैसा उभा राहिला. मग इतर भागांनी विचारलं, आमचं काय? 1997 मध्ये विदर्भ, कोकण आणि तापी खोऱ्यासाठी महामंडळं आली, 1998 मध्ये गोदावरी मराठवाड्यासाठी. तापी पाटबंधारे विकास महामंडळाचं मुख्यालय जळगावला आलं. मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे, खानदेशचे नाथाभाऊ, त्या मंत्रिमंडळात होते आणि अर्थ, पाटबंधारे ही खाती त्यांनी सांभाळली.

खानदेशाला आघाडीच्या राजकारणाने काय दिलं आणि काय राहून गेलं, हे याच गोष्टीत जवळून बघता येतं. अमळनेर तालुक्यात तापीवर पाडळसे इथे निम्न तापी प्रकल्प ठरला. 1997-98 च्या दरांनी त्याचा खर्च सुमारे 142 कोटी होता. 1999 च्या सुमारास काम सुरू झालं. त्यानंतर युती गेली, आघाडी आली, पुन्हा युती, मग महाविकास आघाडी, मग भाजप, शिंदे आणि अजित पवारांची महायुती. प्रत्येकाने सुधारित मान्यता दिली, प्रत्येकाच्या मंत्र्याने पाहणी केली, आणि पंचवीस वर्षांनंतरही प्रकल्प अपुराच होता. खर्च काही हजार कोटींच्या घरात गेला. महामंडळ मिळवणं सौद्यात जमलं. धरण पुरं करायला मात्र एका सरकारने दुसऱ्याचं काम आपलं मानावं लागतं. ती सवय आपल्या आघाड्यांनी लावून घेतली नाही.

पंधरा वर्षं कशी टिकली?

10 जून 1999 ला पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन केली. ऑक्टोबरमध्ये काँग्रेसला 75, राष्ट्रवादीला 58 जागा मिळाल्या. प्रचारात एकमेकांवर तुटून पडलेले हे दोन पक्ष निकालानंतर एकत्र आले आणि शेकापसारख्या छोट्या पक्षांना घेऊन विलासराव देशमुखांचं सरकार बनलं. निवडणुकीनंतर जुळवलेली ही मोट पंधरा वर्षं टिकली. सत्तेत सलग राहिलेली महाराष्ट्रातली ती सर्वांत दीर्घ आघाडी.

तिची कसोटी जून 2002 मध्ये लागली. शेकापने पाठिंबा काढला आणि राष्ट्रवादीतही फूट पडू लागली. नारायण राणे विरोधी पक्षनेते होते. आमदारांना बंगळूरला नेऊन ठेवलं गेलं, आणि हॉटेलमध्ये मुक्कामी असलेले लोकप्रतिनिधी हे दृश्य महाराष्ट्राच्या ओळखीचं झालं. तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष होते चोपड्याचे अरुणभाई गुजराथी. मतदानाआधी त्यांनी फुटलेल्या आमदारांना अपात्र ठरवलं आणि विलासरावांनी 143 विरुद्ध 133 असा विश्वास जिंकला. इथे मित्रपक्ष बाहेर पडला होता, तरी सरकार उभं राहिलं. कारण मोठ्या पक्षातली फूट वेळेत रोखली गेली. अध्यक्षांच्या निर्णयावर त्या वेळी टीका झाली आणि ती तपासलीही पाहिजे, पण निर्णय लगेच झाला हे महत्त्वाचं आहे. लोकांना कुणी फार दिवस ताटकळत ठेवलं नाही.

2004 मध्ये राष्ट्रवादी 71 आणि काँग्रेस 69 अशी स्थिती आली. जास्त आमदार राष्ट्रवादीचे, तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसला गेलं आणि त्या बदल्यात राष्ट्रवादीने उपमुख्यमंत्रिपदासह जादा मंत्रिपदं घेतली. हा सौदा झाला, पण उघडपणे झाला. समन्वय समितीच्या बैठका होत, वादही वर्तमानपत्रांतून चालत. राज्य सहकारी बँक आणि सिंचन यांवरून दोन्ही पक्षांत कडवटपणा आला, तोही सरकार न पाडता. 2004 च्याच सुमाराला 91 वी घटनादुरुस्ती झाली. पक्षांतरबंदीतली ‘एक तृतीयांश फूट चालेल’ ही पळवाट बंद झाली आणि मंत्रिमंडळाला 15 टक्क्यांची मर्यादा आली. 288 आमदारांच्या महाराष्ट्रात म्हणजे 43 मंत्री. पाठिंब्याच्या बदल्यात मंत्रिपदांची खिरापत वाटण्यावर थोडा अंकुश आला.

2007 ची एक घटना इथे नोंदवली पाहिजे. राष्ट्रपतिपदासाठी प्रतिभाताईंचं नाव आलं तेव्हा भाजपचा मित्र असूनही शिवसेनेने मराठी माणूस म्हणून त्यांना मतं दिली. भाजपचा पाठिंबा भैरोसिंह शेखावतांना होता. युती तरीही मोडली नाही. मित्रपक्ष एखाद्या प्रश्नावर वेगळं मत देऊनही मित्र राहू शकतात, हे जळगावच्या लेकीच्या निवडणुकीने दाखवलं.

25 सप्टेंबर 2014 आणि नंतर

या दिवशी महाराष्ट्रात दोन आघाड्या मोडल्या. दुपारनंतर भाजपने पंचवीस वर्षांची युती संपल्याचं जाहीर केलं. ती घोषणा करायला पुढे आले विरोधी पक्षनेते एकनाथ खडसे. थोड्याच वेळात राष्ट्रवादी काँग्रेसपासून वेगळी झाली. भाजपला 122 जागा मिळाल्या, देवेंद्र फडणवीसांचं अल्पमतातलं सरकार आवाजी मतदानावर तरलं, आणि डिसेंबरमध्ये सेना पुन्हा सरकारात आली. महसूलमंत्री झालेल्या खडसेंनी जून 2016 मध्ये राजीनामा दिला आणि ऑक्टोबर 2020 मध्ये राष्ट्रवादीत प्रवेश केला.

2019 हा माझ्या मांडणीला खरा अपवाद. तिथे मित्रपक्षच मुख्यमंत्रिपदावरून बाहेर पडला. भाजप 105, सेना 56, राष्ट्रवादी 54, काँग्रेस 44. राष्ट्रपती राजवट आली, 23 नोव्हेंबरच्या पहाटे फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला, आणि ते सरकार सुमारे 80 तास टिकलं. 28 नोव्हेंबरला उद्धव ठाकरे शिवाजी पार्कवर मुख्यमंत्री झाले. किमान समान कार्यक्रम जाहीर झाला, 169 आमदारांचा विश्वास मिळाला. हे सरकार अडीच वर्षांनी पडलं, पण ते काँग्रेस किंवा राष्ट्रवादीने पाडलं नाही. सेनेच्या तेव्हाच्या 55 पैकी 40 आमदार एकनाथ शिंदेंबरोबर गेले.

त्याची रंगीत तालीम जळगावात पंधरा महिने आधीच झाली होती. ऑगस्ट 2018 च्या महापालिका निवडणुकीत भाजपने 75 पैकी 57 जागा जिंकल्या होत्या. सुरेशदादा जैन यांच्या गटाची अनेक वर्षांची पकड तेव्हा सुटली. मार्च 2021 मध्ये महापौराची निवड आली आणि भाजपचे 27 नगरसेवक फुटले. त्यांचा मुक्काम ठाण्यात होता. करोनामुळे मतदान ऑनलाइन होतं. जळगावच्या मतदारांनी निवडून दिलेली माणसं दुसऱ्या शहरातून पडद्यावर हात वर करत होती. शिवसेनेच्या जयश्री महाजन यांना 45 मतं मिळाली, भाजपच्या उमेदवाराला 30. ज्या पक्षाचे 57 होते, तो हरला. त्या दिवशी ज्यांना आनंद झाला, त्यांच्याच पक्षावर पुढच्या वर्षी जूनमध्ये तीच वेळ आली.

जळगाव जिल्ह्याचा हिशेब तर राज्याहून बोलका आहे. 2019 मध्ये जिल्ह्यातल्या 11 जागांपैकी भाजपला चार, सेनेला चार, राष्ट्रवादी आणि काँग्रेसला एकेक, आणि एक अपक्ष. 2022 मध्ये सेनेचे चारही आमदार आणि मुक्ताईनगरचे अपक्ष शिंदेंबरोबर गेले. जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादीचे एकुलते एक आमदार, अमळनेरचे अनिल पाटील, अजित पवारांबरोबर जाऊन मंत्री झाले. उरले फक्त रावेरचे काँग्रेस आमदार. मध्ये एकही निवडणूक न होता 11 पैकी 10 आमदार एका बाजूला आले. आणि 2024 मध्ये मतदारांनीच महायुतीला 11 पैकी 11 जागा दिल्या. म्हणजे मतदाराने फुटीला शिक्षा केली नाही. ही गोष्ट मान्य करूनच पुढचा विचार केला पाहिजे.

पक्ष आतून का फुटतो?

पैसा, तपास यंत्रणा, मंत्रिपद ही कारणं आपण ऐकतो आणि त्यांत तथ्य आहेच. पण त्याखाली आणखी जुनं कारण आहे. आपल्याकडे आमदार हाच एक छोटा पक्ष असतो. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. गावात ग्रामविकास पॅनेल असतं, परिवर्तन पॅनेल असतं, आणि त्यात भावकी, गल्ली, समाज बघून सगळ्या पक्षांची माणसं असतात. बाजार समिती, दूध संघ, जिल्हा बँक इथे तर ‘सर्वपक्षीय पॅनेल’ हा शब्द खानदेशात रोजच्या वापरातला आहे. सकाळी एकमेकांवर टीका करणारे नेते संध्याकाळी एकाच पॅनेलच्या पत्रकावर असतात. आमदाराचं बळ या पॅनेलांत असतं, पक्षाच्या कार्यालयात नाही. पक्षात निवडणुका होत नाहीत, उमेदवारी मुंबई-दिल्लीतून ठरते, मग आमदाराला पक्ष सोडताना तोडावं असं काही उरतच नाही. त्याचं पॅनेल त्याच्यासोबत जातं.

पॅनेलची ही पद्धत मुळात वाईट नाही. असोद्यासारख्या मोठ्या गावात लेवा, कोळी, मराठा, बौद्ध, मुस्लिम अशा सगळ्यांना बरोबर घेतल्याशिवाय पंचायत चालत नाही, आणि चालूही नये. पण गावातलं पॅनेल अर्ज भरतानाच छापून येतं. कोण कुणाबरोबर आहे हे मत देण्याआधी कळतं. राज्याच्या आघाडीत नेमकं तेच कळत नाही.

गावाच्या वाट्याला काय आलं?

सरकारं बदलली की गावाचे नियम कसे बदलतात, हे सरपंचाच्या निवडीवरून दिसतं. 2017 मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं. 2020 मध्ये महाविकास आघाडीने ते रद्द केलं. जुलै 2022 मध्ये शिंदे सरकारने पुन्हा आणलं. पाच वर्षांत एकाच गावाच्या कारभाराचा पाया तीनदा हलला. बाजार समितीत शेतकऱ्याला मताचा अधिकार द्यायचा की नाही, यावरही तसाच घोळ झाला. थेट सरपंच चांगला की सदस्यांतून निवडलेला, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण ज्यांनी तो निर्णय 2017 मध्ये घेतला आणि ज्यांनी 2020 मध्ये मोडला, त्या दोन्ही मंत्रिमंडळांत शिवसेना होती. धोरण पक्षाचं नव्हतं, त्या त्या सोबतीचं होतं.

बहिणाबाईंच्या नावाचंही असंच. जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये त्यांचं नाव मिळालं, कारण त्या मागणीवर सगळे पक्ष एक होते. त्यांच्या माहेरी, असोद्यातल्या स्मारकाचं काम मात्र वर्षानुवर्षं रेंगाळलं. नाव देण्याला एक ठराव पुरतो, इमारत पुरी करायला सलग चार-पाच वर्षं एकाच हाताने निधी यावा लागतो.

आघाडीचा फायदाही सांगितला पाहिजे. 2017 ची कर्जमाफी शेतकरी संपाबरोबरच सरकारात राहून दबाव आणणाऱ्या मित्रपक्षामुळे झाली. डिसेंबर 2019 ची दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी आघाडीच्या किमान समान कार्यक्रमात होती आणि सरकार आल्यावर महिन्याभरात जाहीर झाली. तापी महामंडळ जळगावला आलं ते बहुमत काठावर असल्यामुळे. एकहाती सत्ता असताना खानदेशाकडे बघायला मुंबईला फुरसत नव्हती.

मग करायचं काय?

केरळमध्ये संयुक्त आणि डाव्या अशा दोन आघाड्या गेली चाळीस वर्षं निवडणुकीआधीच ठरतात, त्यांच्या समन्वय समित्या निवडणूक नसतानाही बसतात, आणि मतदार पक्षाला नव्हे, आघाडीला मत देतो. जर्मनीत आघाडीचा करार लेखी होतो, छापला जातो. 2018 मध्ये तिथल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने सरकारात जायचं की नाही हे आपल्या साडेचार लाखांहून अधिक सदस्यांना विचारलं. तिथे सरकार पाडायचं तर नवा चान्सलर त्याच ठरावात निवडून द्यावा लागतो. हे सगळं जसंच्या तसं आणता येणार नाही. तीन गोष्टी मात्र इथेही होण्यासारख्या आहेत.

पहिली, आघाडीचा करार शपथविधीआधी लेखी व्हावा आणि विधानसभेच्या पटलावर ठेवला जावा. खाती कुणाकडे, मुख्यमंत्रिपद किती काळ, अपुरे प्रकल्प कोणते आणि ते कोणत्या वर्षी पुरे करणार, हे त्यात असावं. 2019 मध्ये बंद खोलीत काय ठरलं होतं यावरून युती मोडली. कागद असता तर वाद करायला जागाच उरली नसती.

दुसरी, अपात्रतेचा निर्णय वेळेत व्हावा. जानेवारी 2020 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साधारण तीन महिन्यांची मुदत सांगितली आणि हा अधिकार अध्यक्षांऐवजी स्वतंत्र लवादाकडे द्यावा असं सुचवलं. महाराष्ट्रात शिवसेनेचा निकाल जानेवारी 2024 मध्ये लागला, फुटीनंतर दीड वर्षाने, आणि त्यात दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. त्याआधी मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्यपालांनी बहुमत चाचणीचा आदेश देणं समर्थनीय नव्हतं असं म्हटलं होतं, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता आलं नाही. इतक्या उशिरा मिळालेला न्याय मतदाराच्या काही कामी येत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आणि सर्वांत गरजेची आहे. पक्षांत निवडणुका व्हाव्यात. तालुकाध्यक्षापासून उमेदवारापर्यंतची निवड सदस्यांच्या मताने व्हावी, तरच पक्ष सोडणाऱ्याला काहीतरी सोडल्यासारखं वाटेल. जो पक्ष आपल्या कार्यकर्त्याचा नसतो, तो मोडायला एक रात्र पुरते. कायद्याने आमदार अडवता येईल, पण पक्ष कायद्याने उभा राहत नाही.

मुंबईत सरकार कुणाचंही असो, ते यापुढेही आघाडीचंच असेल, कारण महाराष्ट्र एका रंगाचा नाही आणि कधी नव्हता. कोकण, विदर्भ, मराठवाडा, खानदेश यांना सत्तेत वाटा मिळायचा असेल तर तो सौद्यानेच मिळेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. मागणी एवढीच आहे की सौदा उघड्यावर व्हावा, लिहून व्हावा, आणि मत मागण्याआधी व्हावा. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला की ‘कोणत्या पक्षाचे?’ याच्यासोबत ‘कोणाबरोबर, कशासाठी आणि कुठे लिहून दिलंय?’ हे तीन प्रश्न विचारले गेले, तर पुढच्या पाच वर्षांत सरकार एक असेल की तीन, हे ठरवण्याचा हक्क मतदाराकडे परत येईल.